कोटा श्रीनिवास राव : हिंदी डब सोडून मूळ तेलुगूत काय बघावं?

फुकट_समीक्षक
नमस्कार मंडळी,

हिंदी चॅनेलांवर डब केलेले दाक्षिणात्य सिनेमे बघायचं व्यसन असलेल्यांपैकी मी एक. आपण बरेच आहोत, उघडपणे कुणी कबूल करत नाही एवढंच. तर या सिनेमांत एक माणूस हटकून दिसतो. कधी गृहमंत्री, कधी हिरॉइनचा बाप, कधी गावचा सावकार, कधी हप्ते खाणारा पोलीस. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव विचारलं की सगळे गप्प.

१३ जुलै २०२५ ला ते गेले तेव्हा बातम्यांतून नाव डोक्यात बसलं: कोटा श्रीनिवास राव. तीन दिवसांपूर्वीच ८३ पूर्ण झाली होती. ७५०हून जास्त सिनेमे, आंध्र सरकारचे नऊ नंदी पुरस्कार, २०१५ ची पद्मश्री. तेलुगूतले झाडून सगळे मोठे लोक हळहळले.

आता माझं स्पष्ट मत, मारा जोडे. मला तरी हा माणूस साच्यातला वाटत आलाय. तोच खर्जातला हिंदी आवाज, तेच गडगडाटी हसणं, शेवटी हिरोकडून तोच मार. मग 'अष्टपैलू, अष्टपैलू' म्हणून एवढा जयघोष कशासाठी? की मी चुकीचे सिनेमे बघतोय? जाणकारांनी यादी द्यावी. सबटायटल्स असली तर उत्तम, मला तेलुगूचा गंध नाही.

पूर्वभागकर
सिनेमे बरोबरच असतील, चुकीचा आहे तो आवाज. जो ऐकून तुम्ही निकाल दिलात तो आवाज कोटांचा नाहीच. मुंबईत स्टुडिओत बसलेल्या कुणा डबिंग आर्टिस्टचा आहे, आणि तोच मागच्या सिनेमात दुसऱ्याच व्हिलनला लावलेला असतो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. पद्मशाली. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर. आमची तेलुगू म्हणजे पिढ्यांपूर्वी तेलंगणातून सोबत आणलेली. तिच्यात उर्दू आहे, दख्खनी आहे, आता अर्धी मराठीही आहे. सिनेमातल्या हिरोची तेलुगू आम्हाला कळायची, पण ती पुस्तकातली वाटायची. किनारपट्टीकडची, कृष्णा-गुंटूरची.

'प्रतिघटना' (१९८५) घरी व्हिडिओवर बघितला तेव्हा मी लहान होतो. त्यात कोटा कासय्या नावाचा राजकारणी. गुंडाला पोसणारा, गोड बोलून गळा कापणारा. आणि हा माणूस तोंड उघडतो तर आमच्या अशोक चौकातल्या कुणा काकासारखा बोलतोय! आजी माग सोडून बाहेर आली होती, कोण आलंय बघायला. शब्द ताणायची पद्धत, मध्येच टाकलेला उर्दू शब्द, समोरच्याला भाऊ म्हणता म्हणता दिलेली धमकी, सगळं ओळखीचं. गंमत म्हणजे कोटा मूळचे विजयवाड्याजवळच्या कंकिपाडूचे, म्हणजे पक्के कृष्णा जिल्ह्याचे. ही त्यांची घरची बोली नव्हेच. ती त्यांनी कानाने उचललेली.

डबमध्ये नेमकं हेच उडतं. मग उरतो चेहरा आणि मार खाणं.

आंबटगोड
कोंबडी. फक्त कोंबडी बघा. बाकी यादी नंतर.

फुकट_समीक्षक
@आंबटगोड, कसली कोंबडी??

आंबटगोड
'अहा ना पेळ्ळंट' (१९८७), दिग्दर्शक जंध्याल. कोटा त्यात लक्ष्मीपती नावाचा कंजूष. असा कंजूष की बस. चष्म्याच्या काचेला तडा गेलेला, पण तो बदलणार कोण?

आता प्रसंग. साहेबांना कोंबडी खायची इच्छा झालीय. मारायची म्हणजे खर्च. म्हणून जिवंत कोंबडी वरून दोरीने टांगून ठेवलीय आणि खाली ताटात निव्वळ भात. कोंबडीकडे बघायचं, भाताचा घास घ्यायचा, कोंबडीचा रस्सा लागल्यासारखं मिटक्या मारत गिळायचं. शेजारी नोकर म्हणून ब्रह्मानंदम, अर्धं डोकं भादरलेला, हताश. कोटा एकदाही 'मी विनोदी काम करतोय' असं दाखवत नाहीत. त्या माणसाला खरंच जेवण लागतंय! आपण हसून लोळतो आणि तो तृप्त.

जी पिढी त्यांना कासय्या म्हणून घाबरायची, तिला दोन वर्षांत हे दाखवलं. आणि धागाकर्ते म्हणतात साचा.

मंजिराकाठ
+१. आमच्या देगलूरकडे लग्नात कुणी वाढायला हात आखडता घेतला की म्हातारी मंडळी अजून कोंबडी टांगायची भाषा करतात. निम्म्या लोकांनी सिनेमा बघितलेलाही नसतो.

अवांतर: ब्रह्मानंदमचं नाव झालं ते याच सिनेमापासून. त्याआधी ते कॉलेजात तेलुगू शिकवायचे.

हैद्राबादी_कुलकर्णी
मी बरीच वर्षं हैदराबादेत आहे, त्यामुळे थोडी सनावळी टाकतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

जन्म १० जुलै १९४२. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावं अशी इच्छा होती, ते जमलं नाही. बी.एस्सी. करून स्टेट बँकेत लागले. नाटकाचा नाद कॉलेजपासूनच. १९७८ ला 'प्राणं खरीदु' आला. आधी ते नाटक होतं, मग त्याचा सिनेमा झाला. चिरंजीवीचा प्रदर्शित झालेला पहिला सिनेमाही हाच. म्हणजे दोघांची सुरुवात एकाच पोस्टरवरून. फरक एवढाच की चिरंजीवी तेव्हा जेमतेम तेवीसचा होता आणि कोटा छत्तिशीला टेकलेले, बँकेत कामाला, संसारी.

त्यानंतर सात वर्षं फारसं काही घडलं नाही. बँक चालू, नाटक चालू, अधूनमधून चिल्लर कामं. 'प्रतिघटना' आला तेव्हा वय त्रेचाळीस. ज्या वयात बाकीचे मॅनेजरपदाच्या परीक्षेचा विचार करतात त्या वयात हे पडद्यावर गुंड पोसायला लागले. मला वाटतं, त्यांच्या कामातला जो अस्सलपणा सगळे म्हणतात तो इथून आलाय. पंधरा-वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून किती तऱ्हेची माणसं बघितली असतील! कर्ज मागायला आलेला, कर्ज बुडवून आलेला, साहेबाच्या ओळखीचा असल्याचं सांगणारा. लक्ष्मीपती काय आकाशातून पडला?

१९८९ चा 'शिवा' तर सर्वांना माहीत असेल. त्यात ते माचीराजू, म्हणजे भवानी या गुंडाच्या डोक्यावर हात ठेवणारा राजकारणी. हिंदी 'शिवा'त ते काम परेश रावलकडे गेलं. दोन्ही बघून तुलना करा, मजा येते. परेश रावल ग्रेटच, पण त्याचा राजकारणी तुम्हाला खलनायक म्हणून दिसतो. कोटांचा माचीराजू फक्त आपलं रोजचं काम करत असतो.

१९९३ 'गायम', १९९८ 'गणेश'. 'गणेश'मधला आरोग्यमंत्री सांबशिवुडू हा बऱ्याच लोकांच्या मते त्यांचा सर्वांत किळसवाणा खलनायक, त्याला नंदीही मिळाला. २००३ ला विक्रमच्या 'सामी'तून तमिळमध्ये गेले, एकसष्टाव्या वर्षी, आणि तिथेही पेरुमाळ पिच्चै म्हणून लोकांच्या तोंडी बसले.

तर्कटराव
पूर्वभागकरांचा प्रतिसाद आवडला, पण नाण्याची दुसरी बाजू सांगायलाच हवी.

तेलुगू सिनेमात तेलंगणाची बोली कुणाच्या तोंडी असायची? व्हिलनच्या, त्याच्या चमच्यांच्या, किंवा ज्याला हसायचं त्याच्या. हिरो आणि हिरॉइन कायम किनारी आंध्रची 'शुद्ध' भाषा बोलणार. तेलंगणातल्या लोकांच्या मनात हा सल फार जुना आहे आणि वेगळ्या राज्याच्या चळवळीत तो मुद्दा वारंवार आला. माझे बरेच सहकारी करीमनगर-वरंगळचे. त्यांच्या घरात कासय्याचं कौतुक नाही. 'आमची भाषा बोलून आमचीच लाज काढली' असं म्हणणारे लोक मला भेटलेत. कोटांच्या अभिनयाबद्दल वाद नाही, पण ते ज्या प्रथेचा सर्वांत चमकदार चेहरा झाले ती प्रथा काही भली नव्हती.

आपल्याकडे आठवून बघा. मराठी सिनेमात कोकणी माणूस, वऱ्हाडी माणूस कशासाठी आणायचे?

पूर्वभागकर
@तर्कटराव, बरोबर आहे. आमच्या घरीही यावर दोन तट होते. आजी खूश, कारण पडद्यावर कुणीतरी तिच्यासारखं बोललं. मोठा काका वैतागायचा, कारण ते बोलणारा नेमका हलकट निघाला.

पण एक फरक करू या का? कोटांच्या आधीही तेलंगणी बोलणारे नट पडद्यावर होते, पण त्यांची बोली म्हणजे चार ठरलेले शब्द आणि वेडावून दाखवणं. कोटा वेडावत नाहीत. कासय्या ही भाषा बोलतो कारण त्याचे मतदार ती बोलतात, आणि तिचा त्याला अभिमान आहे. मला तो प्रत्येक वेळी हुशारच वाटलाय, कधीच गावंढळ नाही. लिहिणाऱ्यांनी ती बोली फक्त खलनायकाला दिली, हा दोष त्यांचा. नटाने मिळालं ते काम इमानदारीने केलं.

तर्कटराव
नटाला सरसकट माफी देता येत नाही. पण 'वेडावत नाहीत' हे मान्य. नेमकं त्यामुळेच ते जास्त टोचलं असावं.

आंबटगोड
पूर्वभागकर, आजींना साष्टांग नमस्कार. माग सोडून बाहेर येणं म्हणजे काय ते सोलापूरकरांनाच कळेल.

चिंचपोकळी_लोकल
या धाग्यावर अजून सयाजी शिंदेंचं नाव कसं आलं नाही? आपला सातारचा गडी, वेळेकामठीचा, तिकडे जाऊन मंत्री, पोलीस कमिशनर, फकीर काय वाटेल ते झाला. 'टागोर', 'अतडु', 'पोकिरी', 'अरुंधती'. अष्टपैलू म्हणायचं तर यांना म्हणा!

हैद्राबादी_कुलकर्णी
@चिंचपोकळी_लोकल, ठिणगी टाकलीत. कोटांची एक जाहीर तक्रार आयुष्यभर होती: घरात नट असताना निर्माते-दिग्दर्शक बाहेरून व्हिलन का आणतात? मुलाखतींतून त्यांनी हे किती वेळा बोलून दाखवलं असेल त्याला गणती नाही. २००० नंतर तेलुगूत मुंबईहून, कर्नाटकातून, तमिळनाडूतून खलनायकांची रीघच लागली होती. म्हणजे आपण ज्यांचा अभिमान बाळगतो ते सयाजीराव त्या तक्रारीत आपोआप आलेच.

आणि दोघे एकाच सिनेमात आहेत. २००५ चा 'अतडु', दिग्दर्शक त्रिविक्रमचा. सयाजी शिवा रेड्डी, कोटा बाजी रेड्डी, दोघेही राजकारणी. ज्यांना तुलनाच करायची आहे त्यांनी हा बघा.

चिंचपोकळी_लोकल
हे पटत नाही. कलेला कसली आलीय हद्द? मग उद्या मुंबईत 'बाहेरचे नट नकोत' म्हटलं तर चालेल का? 'सरकार'मध्ये (२००५) सेल्वर मणी कोण होता? कोटाच ना! मुंबईच्या सत्तेवर बेतलेला हिंदी सिनेमा आणि त्यात तेलुगू नट. आम्ही आक्षेप घेतला का?

मंजिराकाठ
हाहा, हा मुद्दा कोटा गारूंना (म्हणजे कोटासाहेबांना) विचारायला हवा होता.

पूर्वभागकर
मला त्यांची तक्रार हद्दीपेक्षा आवाजाची वाटते. (मी आवाजाचं तुणतुणं सोडणार नाही, सहन करा.) बाहेरून आलेल्या नटाला तेलुगू येत नाही, मग त्याला दुसऱ्याचा आवाज लावतात. 'अरुंधती'तला सोनू सूद आठवा. त्या सिनेमात तो जो गाजला त्यात पी. रविशंकरच्या आवाजाचा वाटा निम्म्याहून जास्त. बायका दचकायच्या त्या आवाजाने. त्या डबिंगला नंदी मिळाला, आणि योग्यच होतं. पण मग तो अभिनय नेमका कुणाचा? ज्याने तीस वर्षं एकेका जिल्ह्याची बोली पाठ केली त्याला हे खटकणारच.

सयाजींबद्दल बोलायचं तर मला ते आवडतात. 'भारती' (२०००) मध्ये त्यांनी सुब्रह्मण्य भारती केलेत, तमिळ महाकवी, सातारच्या माणसाने! ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आधी तो बघा.

अनघा_स
सदाशिव अमरापूरकर पण १९८८ च्या 'आखरी पोराटम'मध्ये होते ना? नागार्जुन-श्रीदेवी. ढोंगी स्वामी झालेले. म्हणजे आपली आयात-निर्यात जुनीच आहे. २०२५ ला उपेंद्र लिमये 'संक्रांतिकी वस्तुन्नाम'मध्ये जेलर होऊन धुमाकूळ घालून आले. सचिन खेडेकर तर तिथे इतक्या वेळा दिसतात की तिकडचे लोक त्यांना त्यांच्यातलेच समजत असतील. आणि मुरली शर्मा! 'अल वैकुंठपुरमुलो'मधला बाप. वाढला मुंबईत, आई गुंटूरची. तो 'बाहेरचा' की 'आतला'? ठरवा आता.

फुकट_समीक्षक
मंडळी, धागा सातारामार्गे गुंटूरला पोचला. मूळ प्रश्नाला कुणीतरी दया दाखवा. सरळ विचारतो: आपल्या भाषेत सांगायचं तर कोटा म्हणजे कोण? तेलुगूतले निळू फुले का?

तर्कटराव
नाही. निळूभाऊंची बरोबरी करायचीच असेल तर राव गोपाल रावांशी करा. त्यांचा 'मुत्याल मुग्गु' १९७५ चा, आपला 'सामना'ही १९७५ चा. तिकडे राव गोपाल रावांचा कॉन्ट्रॅक्टर, इकडे हिंदुराव धोंडे पाटील. दोघेही आवाज न चढवता समोरच्याला संपवतात. दोघांची स्वतःची म्हणून एक बोलण्याची ढब, ती प्रत्येक भूमिकेत थोडीफार सोबत येते आणि प्रेक्षकाला ती हवीच असते. राव गोपाल राव १९९४ ला गेले. आता त्यांचा मुलगा राव रमेश जे काही करतो ते बघा, रक्तात काय असतं ते कळतं.

कोटांचं वेगळं. त्यांना स्वतःची ढबच नाही. 'प्रतिघटना'तला आवाज 'अहा ना पेळ्ळंट'मध्ये शोधून सापडत नाही.

आंबटगोड
निळूभाऊंनाही साच्यात बसवू नका हो. 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस काय 'बाई वाड्यावर या'वाला आहे का?

तर्कटराव
दिगू टिपणीस मान्य. पण मी ढबीबद्दल बोलतोय.

आंबटगोड
मीही.

मंजिराकाठ
भांडणात पडत नाही, पण बाबू मोहनबद्दल कुणीच बोलत नाही हे काय चाललंय? नव्वदच्या दशकात आमच्या सीमाभागात लोक हिरोसाठी जायचे आणि कोटा-बाबू मोहनसाठी थांबायचे. 'मामगारू' (१९९१) पासून ही जोडी जमली. एक उंच आडवा, दुसरा ठेंगणा काळासावळा. एकाने लाथ घालायची, दुसऱ्याने खायची, बस. थिएटरात शिट्ट्या. नंतर डझनावारी सिनेमांत दोघांसाठी वेगळा ट्रॅक लिहिला जायचा, मूळ गोष्टीशी त्याचा काही संबंध नसायचा.

पुढची गंमत अशी की १९९९ च्या निवडणुकीत दोघेही आमदार! कोटा भाजपकडून विजयवाडा पूर्वमधून, बाबू मोहन तेलुगू देसमकडून आंदोलमधून. बाबू मोहन तर मंत्रीही झाले. तेव्हा दोन्ही पक्षांची युती होती, म्हणजे लाथ घालणारा आणि खाणारा दोघे सत्तेच्याच बाजूला.

चिंचपोकळी_लोकल
आयुष्यभर पडद्यावर भ्रष्ट आमदार केला आणि मग खरंच आमदार. याला म्हणतात अनुभवाच्या जोरावर भरती.

अनघा_स
हसू आलं, पण या दोघांचं एक दुःखही सारखंच आहे. बाबू मोहन यांचा मुलगा २००३ मध्ये रस्ता अपघातात गेला. कोटांचा मुलगा २०१० मध्ये, तोही हैदराबादेत रस्ता अपघातातच. त्याने नुकतीच सिनेमात कामाला सुरुवात केली होती. त्यानंतरही कोटा काम करत राहिले. २०१२ च्या 'गब्बर सिंग'मध्ये सत्तरीच्या माणसाने दारुड्यांचं गाणं स्वतःच्या आवाजात म्हटलंय, पब्लिक नाचत होतं. मी ते गाणं आधी कितीदा ऐकलं होतं. नंतर सनावळी कळली आणि मग पुन्हा लावलंच नाही.

हैद्राबादी_कुलकर्णी
अनघा, मग 'आ नलुगुरु' (२००४) जपून बघा. बघाच मात्र. माझ्या लेखी तोच त्यांचा सर्वोत्तम. राजेंद्रप्रसाद त्यात तत्त्वाला चिकटलेला संपादक, घरच्यांना पैसा हवा. तो जातो, आणि स्वतःच्या मयताला कोण येतं, कोण काय बोलतं हे त्याचा आत्मा बघत बसतो. कोटा त्यात सावकार कोटय्या. पुन्हा कंजूषच! पण लक्ष्मीपतीशी त्याचं काही नातं नाही. लक्ष्मीपतीला कंजूषपणाचा आनंद आहे, कोटय्याला त्याची सवय आहे. हा माणूस प्रेताजवळ येतो तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त बुडणारे पैसे असतात. तिथून पुढे त्याच्या चेहऱ्यावर जे होत जातं त्यासाठी सबटायटलचीही गरज नाही. मोठं भाषण नाही, हंबरडा नाही. हिशोब करणारा माणूस हिशोब विसरतो, एवढंच.

नंदी मिळाला त्यालाही, चरित्र अभिनेता म्हणून. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर: नऊ नंदी एकाच विभागातले नाहीत. खलनायक म्हणूनही आहेत आणि चरित्र अभिनेता म्हणूनही.

भातुकली
सगळे प्रतिसाद वाचले. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

एक वेगळा मुद्दा. माझे सासरचे भिवंडीचे तेलुगू. सासूबाईंचं म्हणणं, कोटा 'बोम्मरिल्लु'त (२००६) जसा बाप आहे तसे बाप पडद्यावर दिसत नाहीत. हासिनीचा बाप, कनकराव. त्या सिनेमात सगळं कौतुक प्रकाशराजच्या बापाला मिळतं, कारण शेवटचा मोठा सीन त्याच्याकडे आहे. कोटांच्या वाट्याला आलेला बाप साधा मध्यमवर्गीय, फटकळ, मुलीच्या बाबतीत कुणावरही चटकन विश्वास न टाकणारा. डबमध्ये हा सिनेमा मी बघितला होता तेव्हा मला तो नुसता खडूस वाटला. सासूबाईंनी मूळ लावून दिला आणि मध्ये मध्ये थांबवून 'हे ऐक, हे ऐक' करत राहिल्या. मला शब्द कळत नव्हते, पण तोच माणूस मुलीशी बोलताना आणि परक्याशी बोलताना किती वेगळा लागतो ते कानाला कळतं. पूर्वभागकर म्हणतात ते खरंय.

तर्कटराव
बाप आणि सावकार झाले, आता बोलींबद्दल एक भर. तेलंगणी कोटांची म्हणून गाजली, पण आंध्रच्या रायलसीमा भागाची बोली म्हटलं की लोकांना जयप्रकाश रेड्डी आठवतात. 'समरसिंह रेड्डी' (१९९९) बघा. २०२० ला तेही गेले. तणिकेळ्ळ भरणी अजून आहेत. 'शिवा'त त्यांनी नानाजी तर केलाच, संवादही त्यांचेच. बोलीत लिहिणारा आणि बोलीत बोलणारा दोघेही एकाच सिनेमात. तेलुगूत सहाय्यक नटांची ही फळी जबर होती. आणि या सगळ्यांचे आजोबा म्हणजे एस. व्ही. रंगाराव. 'मायाबजार' (१९५७) मधला घटोत्कच. 'नर्तनशाला'तल्या कीचकासाठी जाकार्ताच्या महोत्सवात सर्वोत्तम अभिनेता ठरले होते. सहाय्यक भूमिकेसाठी!

आणि 'अहा ना पेळ्ळंट' हे नावसुद्धा 'मायाबजार'मधल्याच गाण्यावरून घेतलंय.

चिंचपोकळी_लोकल
तर्कटराव, आता यादी द्या की. धागाकर्ता म्हातारा होईल.

पूर्वभागकर
मी देतो, माझ्या क्रमाने. पहिला 'अहा ना पेळ्ळंट', कारण तो भाषा न कळताही लागतो. त्याच आठवड्यात 'प्रतिघटना', म्हणजे दोन वर्षांत एक माणूस कुठून कुठे गेला ते लक्षात येईल. ('प्रतिघटना' जड आहे, मुलांसोबत बसू नका. एन. चंद्रांनी त्याचाच हिंदीत 'प्रतिघात' केला, नाना पाटेकर होते त्यात.) मग 'शिवा', मूळ तेलुगूच. शेवटी 'आ नलुगुरु'. 'गणेश' आवडला तर बघा, मला तो कोटांसाठी ठीक, बाकी आरडाओरडा वाटला.

हैद्राबादी_कुलकर्णी
'गणेश'बद्दल तीव्र निषेध नोंदवतो.

मंजिराकाठ
आणि 'हॅलो ब्रदर' (१९९४)! त्याचाच 'जुडवा' झाला. त्यातला कोटांचा पोलीस हिंदीवाल्यांना पेललाच नाही.

फुकट_समीक्षक
सर्वांचे आभार. पहिले दोन बघून झाले, सबटायटल्स यथातथाच होती.

कोंबडीबद्दल काही बोलत नाही, बायको अजून हसतेय. 'प्रतिघटना'बद्दल बोलतो. मी मुद्दाम एक प्रयोग केला. कासय्याचा एक प्रवेश आधी आवाज बंद करून बघितला, मग आवाजासकट. आवाज बंद असताना तो मला माझ्या डबवाल्या सिनेमांतला तोच नेहमीचा पुढारी दिसला. आवाज लावला आणि तो समोरच्याची मस्करी करतोय हे कळलं. धमकी कधी सुरू झाली ते तर समोरच्या पात्रालाही उशिराच कळतं. भाषा शून्य, तरी एवढं पोचलं.

'साचा' हा शब्द मागे. पण तर्कटरावांचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. एवढं सुरेख बोलणाऱ्या माणसाला लिहिणाऱ्यांनी एकदा तरी त्या बोलीत भला माणूस करायला द्यायचा होता.

तर्कटराव
आता तेलंगणी बोलणारे हिरो येऊ लागलेत, 'फिदा' (२०१७) मधली साई पल्लवी तर अख्खा सिनेमा त्याच बोलीत खाऊन टाकते. हे व्हायला तीस वर्षं लागली.

पूर्वभागकर
'फिदा' आमच्या मोठ्या काकाला नेऊन दाखवला होता. त्याने अख्खा सिनेमा मान डोलवत बघितला आणि बाहेर पडताना विचारलं, यात कोटा का नव्हता?

आंबटगोड
काका जिंकले. बाबू मोहनवर वेगळा धागा काढा रे कुणीतरी, मंजिराकाठ तुम्हीच काढा.

मंजिराकाठ
काढतो. रविवारपर्यंत वेळ द्या, मुलीच्या परीक्षा चालू आहेत.